अजेंडा, कोरम आणि बस

मित्रांनो, आज थोडं व्याकरण. घाबरू नका, गाडी शेवटी सोसायटीच्या सभेवरच येणार आहे.

आपल्या मराठी मीडियमच्या पोरांना इंग्रजी अनेकवचनं छळतात. बुकचं बुक्स होतं, मग बॅक्टेरियमचं बॅक्टेरिया का? सिलॅबसचं सिलॅबाय का? कारण हे शब्द लॅटिनचे, येताना आपलं व्याकरणही घेऊन आले. मीडियमचं अनेकवचन मीडिया. म्हणजे आपण शिकलो ते 'मराठी मीडियम' आणि रोज शिव्या घालतो तो 'मीडिया', शब्द एकच! पण हे पाठ करून कुणी मोठा होत नाही. खुद्द इंग्रजीत सिलॅबसेस चालतं, स्टेडियम्स चालतं. त्यामुळे पोरगं अडखळलं तर हसू नका.

मराठीने तर कधीच लाज बाळगली नाही. घोडा-घोडे तसं कोटा-कोटे, अजेंडा-अजेंडे. खरं तर लॅटिनमध्ये अजेंडा हेच अनेकवचन आहे. अर्थ, करायच्या गोष्टी. एक गोष्ट असेल तर अजेंडम.

बसचंही तसंच. मूळ शब्द ऑम्निबस, म्हणजे 'सर्वांसाठी'. त्याचं शेपूट तेवढं उरलं. १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी धावली ती आपल्याच नगर-पुणे रस्त्यावर. 'सर्वांसाठी' हा अर्थ एसटीने खरा करून दाखवला.

आता कोरम. हे लॅटिनमध्ये नाम नाहीच, 'ज्यांच्यापैकी' असं अनेकवचनी सर्वनाम आहे. जुन्या इंग्लंडात न्यायाधीश नेमताना हुकमात लिहायचे, की ज्यांच्यापैकी तुम्ही एक असावे. त्यातून सभेच्या गणपूर्तीला कोरम नाव पडलं. म्हणून त्याचं अनेकवचन 'कोरा' होत नाही, कोरम्सच.

आणि आपल्याकडे काय होतं? ऑगस्ट-सप्टेंबरात वार्षिक सभांचा हंगाम. नोटिशीत खाली बारीक अक्षरात टीप असते: गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी घेतली जाईल, तेव्हा गणपूर्तीची अट नाही. सभासद शेकड्याने, हजर पंधरा-वीस. अर्धा तास चहा होतो. मग अहवाल, ताळेबंद, नफावाटणी, सगळं 'सर्वानुमते मंजूर'. ते 'सर्व' कोण, हे विचारायला कुणी नसतं. नंतर आपणच पारावर बसून संचालकांच्या नावाने बोटं मोडतो.

सभा कायदेशीर असते, तक्रार त्याची नाही. पण अर्ध्या तासाची ही सोय अडचणीच्या वेळेसाठी आहे, दरवर्षीची रीत करण्यासाठी नाही.

तेव्हा यंदा नोटीस आली की रद्दीत टाकू नका. अजेंडा वाचा, ताळेबंदात न कळलेला एक तरी आकडा पेनाने खुणा करून ठेवा आणि पहिल्याच वेळेला या. चहा नंतर घेऊ.