पहिली गाडी आणि बेळगावचे रस्ते

बेळगावच्या मातीला दोन रंग आहेत. शहरातून पश्चिमेस जांबोटीच्या बाजूला निघावे तर ती तांबडी, आणि पूर्वेस सांबऱ्याकडून बैलहोंगलच्या वाटेला लागावे तर काळी. पायी चालणाऱ्यास हा भेद चपलेच्या तळव्यावरून कळतो. दुचाकीवरच्या माणसास तो निराळ्या रीतीने कळतो, आणि आम्हांस तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळला. कारण तोपर्यंत आम्ही सायकलीखेरीज दुसरे काही चालविलेच नव्हते.

कारण घरगुती होते. आमची थोरली बहीण, आक्का, कणकुंबीच्या अलीकडे एका वाडीत राहते. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम आणि माउलीचे देऊळ असलेले सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. बस मोठ्या रस्त्यावर सोडते. तेथून आत चालत जावे लागते, आणि परतीची बस चुकली की मुक्काम. भावोजी गेल्यापासून आक्का एकटीच आहे. दर वेळी पुतण्यास ‘जरा सोडशील का’ म्हणून विचारायचे आणि त्याच्या रजेकडे डोळे लावून बसायचे, हे आम्हांस नकोसे झाले. एके दिवशी आम्ही घरात जाहीर केले की आम्ही गाडी शिकणार आणि गाडी घेणार.

यावर सौ. काही बोलल्या नाहीत. थोरले बंधू मात्र म्हणाले, “घरात गाडी असताना आणखी कसली घेतोस?”

घरात गाडी होती, हे खरे. शहापुरातील आमच्या जुन्या घराच्या पडवीत वडिलांची येझदी उभी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून निघालेली, १९७९ साली घेतलेली. तो कारखाना १९९६ साली बंद झाला आणि वडील त्यानंतर काही वर्षांनी गेले. परंतु दर खंडेनवमीला तिला झेंडूची माळ पडते आणि आई स्वतः हळदकुंकू लावते. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. बंधूंनी ती एकदाही चुकविलेली नाही. अशी गाडी बाजूला सारून दुसरी घ्यायची म्हणजे वडिलांचा ताट-पाट उचलून ठेवण्यासारखे. आम्ही गप्प बसलो आणि शिकाऊ परवाना काढून आणला.

हा परवाना सहा महिने चालतो, आणि तो हाती आल्यापासून तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर लावायचे, आणि मागे कोणी बसलाच तर तो शिकविणारा, परवाना असलेला असावा. आमच्या मागे चोवीस वर्षांचा पुतण्या बसे. लहानपणी ज्यास आम्ही सायकलीचा दांडा धरून शिकविले, तो आता आमच्या कानाशी “काका, क्लच हळू सोडा, हळू” असे म्हणू लागला. कॅम्पातील रुंद, झाडांच्या सावलीतल्या रस्त्यांवर पहाटे वर्दळ नसते. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान धावताना भेटत. त्यांपैकी काही जण आमच्यापुढे निघून जात.

शिकता शिकता चार प्रकारच्या गाड्या आमच्या हाताखालून गेल्या. कोणती घ्यावी हे दुकानदारांनी पुष्कळ सांगितले. पण आम्हांस वाटते, ते अखेर रस्त्यांनीच सांगितले.

पहिली शेजाऱ्यांची बिनगिअरची स्कूटर. शहरात तिच्यासारखी सोय नाही; क्लच नाही, पायाला काम नाही, पिशवी पुढ्यात ठेवता येते. ज्यास बाजार आणि कचेरी एवढेच करायचे, त्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल. परंतु जून महिन्यात आम्ही ती सांबऱ्याच्या रस्त्यावर नेली. पेरणीचे दिवस. शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांची काळी माती डांबरावर पडलेली, आणि वर नुकती भुरभुर झालेली. या मातीवर पाऊस पडला की ती लोण्यासारखी होते. स्कूटरची चाके लहान, मोटारसायकलीची अठरा इंचांच्या आसपास. लहान चाक खड्ड्यात उतरते तेथे मोठे चाक वरून निघून जाते. आमचे लहान चाक एका घळीत उतरले, आम्ही पुढचा ब्रेक दाबला, आणि स्कूटर आमच्याखालून शांतपणे आडवी झाली. वेग फार नव्हता. आम्हांस काही झाले नाही. आरसा फुटला, तो भरून दिला. निसरड्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, हे आम्हांस पुस्तकावरून ठाऊक होते.

दुसरी बुलेट, एका स्नेह्यांची, १९८०-९० च्या काळातली. बेळगावात बुलेटचा मान मोठा आहे. तिच्या आवाजाने माणसे वळून पाहतात. या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. आता निघणाऱ्या साऱ्या गाड्यांचे याच्या उलट असते. शिकणाऱ्याच्या पायाला एक सवय लागायच्या आत दुसरी लावू नये, हे आम्हांस तेव्हा सुचले नाही. काँग्रेस रोडने आलो (१९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्यावरून हे नाव), टिळकवाडीकडे वळलो आणि रेल्वेचे फाटक पडले. मागे रिक्षा, टेंपो, शाळेची मुले अशी रांग लागली. फाटक उघडले. रुळांपाशी किंचित चढ असतो. आम्ही क्लच सोडला, इंजिन बंद पडले; गाडी मागे सरकू लागली; आम्ही घाईने ब्रेक म्हणून जो पाय दाबला तो गिअरवर पडला. गाडी कलली. बुलेट दोनशे किलोंच्या घरातली असते. ती कलू लागली की एका विशिष्ट कोनापर्यंत माणूस तिला धरतो, त्यानंतर ती माणसास धरते. दोन रिक्षावाल्यांनी उतरून ती उचलली. त्यांतील एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “मास्तर, दोन्ही पाय टेकतात अशी घ्या.”

आम्ही मास्तर नाही. परंतु या विषयावर आम्हांस मिळालेला सर्वांत उपयुक्त सल्ला तो हाच. घरी येऊन पाहिले तर बुलेटवर आमच्या टाचा जमिनीला लागत नव्हत्या.

तिसरी अर्थात येझदी. तिला चालू करणे हे पुतण्याच्या एका मित्राचे काम. तो उद्यमबागेतील एका कारखान्यात आहे, जेथे क्रँकशाफ्ट तयार होतात. बेळगावचा हा एक विशेषच आहे. इंजिनाचे पोट आतून पाहिलेली माणसे येथे गल्लोगल्ली भेटतात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून त्याने टाकी भरली, किकचा दांडा मारला आणि तोच दांडा पुढे वळवून त्याचा गिअर केला. येझदीची ही करामत पाहून पुतण्या थक्क झाला. मग तो आवाज. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि उंबऱ्याशी उभी राहिली.

आम्ही तिघे तिच्यावरून आणि पुतण्याच्या गाडीवरून पाळीपाळीने राजहंसगडावर गेलो. येळ्ळूरच्या शिवारात भात वाऱ्यावर हलत होते. इकडचा बासमती फुलोऱ्यावर आला की रस्त्यापर्यंत वास येतो. गडाचा शेवटचा चढ खडा आहे. येझदी तो दणक्यात चढली. सिद्धेश्वराचे दर्शन घेतले, २०२३ साली उभारलेल्या शिवरायांच्या पुतळ्यापाशी थोडे बसलो. खरी गोष्ट उतरताना झाली. हल्लीच्या चार-स्ट्रोक गाडीला खालच्या गिअरमध्ये टाकून उतारावर सोडले की इंजिनच तिला मागे ओढून धरते; ब्रेकवर थोडाच भार येतो. दोन-स्ट्रोक इंजिनाची ही ओढ फार कमी असते, मग ते कोणाचेही असो. सारा भार दोन ड्रम ब्रेकांवर आणि चालविणाऱ्याच्या हातावर. जाणत्याचा हात तो सांभाळतो. आमचे वडील चोर्ला घाट याच गाडीवरून उतरून सांखळीला जात. आमचा हात पहिल्याच वळणावर थरथरू लागला. आम्ही गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि मित्राच्या हाती दिली. मागे बसून खाली येईपर्यंत आम्ही एक अक्षर बोललो नाही.

त्या रात्री जेवताना आम्ही म्हणालो, येझदी आम्हांस झेपायची नाही. बंधू काही बोलण्याआधीच आई बोलली. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आणि ऐकू कमी येते म्हणून आम्ही समजतो.

“कशाला एवढं डोकं फोडून घ्यायलास? ह्यांनी तरी पहिली हीच कुठं घेतली? लूना होती आधी. जुनी, कुणाकडनं तरी घेतलेली. दोन वर्सं चालवली. दोनदा पडले. मग ही आणली.”

आम्हां दोघा भावांना हे ठाऊकच नव्हते. येझदी आली तेव्हा आम्ही सात वर्षांचे. त्याआधीचे काही आठवत नव्हते, आणि लूनाचा फोटो कोणी काढून ठेवीत नाही. बंधूंनी ताक वाढून घेतले आणि म्हणाले, “जुनी बघ मग. नवी घेऊन पाडू नकोस.”

चौथी गाडी ती. शंभर सीसीची, चार-स्ट्रोक, चार वर्षे वापरलेली. या जातीची गाडी आपल्याकडे १९८५ पासून, हीरो होंडाची सीडी १०० निघाल्यापासून, खेडोपाडी पोचली. म्हणून तिचा कोणताही भाग खानापुरातही मिळतो. वजन सव्वाशे किलोंच्या आत, म्हणजे कलली तरी आम्हांस एकट्याने सावरता येते. दोन्ही पाय पुरते टेकतात. बटणावर चालू होते, त्यामुळे फाटकाशी बंद पडली तरी अब्रू जात नाही. २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोड ब्रेक सक्तीचा झाला, तो हिला आहे. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. सव्वाशेच्या वरच्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएसची योजना असते. ती अधिक चांगली, पण त्या गाड्या वजनदार आणि महाग. साडी गार्ड शाबूत आहे, हे सौं.नी स्वतः वाकून पाहिले. घेण्यापूर्वी आम्ही साखळी, टायर आणि हँडल सरळ आहे की नाही एवढे उद्यमबागेच्या मित्राकडून तपासून घेतले. रंग मात्र आमच्या मनासारखा नाही.

श्रावणात आठचा आकडा पाय न टेकता काढून दाखविला आणि पक्का परवाना मिळाला. नवरात्रात आम्ही जांबोटीच्या रस्त्याने निघालो; मागे सौ., दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. पाऊस नुकता उघडला होता. या बाजूस धोका चिखलाचा नव्हे. डांबराच्या कडेला तांबडा मुरूम पसरलेला असतो, आणि समोरून ट्रक आला म्हणून आपण कडेला गेलो की चाकाखाली मोहरी घरंगळावी तसे होते. तेथे ब्रेकही नको आणि वळणही नको. वेग आधीच उतरवून सरळ राहायचे. एकदा असा प्रसंग आला. सौं.नी आमचा खांदा घट्ट धरला, पण बोलल्या नाहीत. जांबोटीनंतर झाडी दाट झाली, हवा गार झाली, आणि पहिल्यांदाच आमच्या ध्यानात आले की आम्ही रस्त्याकडे नव्हे, आजूबाजूस पाहत आहोत. लगेच पुन्हा रस्त्याकडे पाहू लागलो.

आक्का अंगणात भाताच्या लोंब्या पाहत होती. गाडी थांबली तरी तिने मान वर केली नाही. आम्ही हाक मारली तेव्हा दचकली.

“अगोबाई! आवाजच आला नाही रे. अप्पा यायचे तर वळणापासनं कळायचं.”

मग तिने गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर हात ठेवून पाहिला आणि “मला देवळापर्यंत नेशील?” म्हणून विचारले. नेले. साडी गार्डाशी पदर सावरून ती अशी बसली, जणू रोजचीच बसणारी. माउलीपुढे ती बराच वेळ उभी होती.

अंधार पडायच्या आत परत यायचे म्हणून चहा घेऊन लगेच निघालो. घरी पोचलो तेव्हा मडगार्डापासून साखळीपर्यंत सारे तांबडे झाले होते. आईने पडवीत येऊन पाहिले आणि बादली पुढे केली. “आधी धू. वाळली की ही माती निघत नाही.” येझदी थोडी भिंतीकडे सरकवून आम्ही जागा केली आणि नळ सोडला.