पश्चिमेची भिंत

कोकण किनाऱ्यावरच्या मुसलमानाच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला दोन कामं असतात. किबला जवळजवळ त्याच बाजूला, म्हणून जानमाज तिच्यासमोर पसरायची. आणि समुद्रही तिकडेच, म्हणून पावसाचा मारा आधी तिनंच सोसायचा. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात याच भिंतीवर अब्बांनी हजहून आणलेली काब्याची मखमली तसबीर होती. दर पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी चढे आणि पाऊस सरला की अम्मी ती ओट्यावर उन्हात ठेवी.

आम्ही दोघं नवराबायको उर्दू शाळेत शिकवतो, राहतो रत्नागिरीला. गावच्या घरात अम्मी एकटी. भाई कुवेतला. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पुढच्या पडवीची कौलं उडाली, तेव्हा घराचं काम काढणं भागच पडलं. भाईनं मोबाइलवर फोटो पाठवले. परदेशातली समुद्राकाठची घरं, पांढऱ्याशुभ्र भिंती, निळ्या पट्ट्यांच्या गाद्या, काचेच्या बरणीत शिंपले, भिंतीवर जहाजाचा नांगर. फोनवर म्हणाला, "पैशांची फिकीर करू नका. स्लॅब टाका, पीओपी करा. भाचीच्या लग्नाला चार माणसं येतील, त्यांनी म्हटलं पाहिजे, कुवेतवाल्याचं घर आहे."

अम्मी म्हणाली, "माणसं चार दिवस येतील. राहायचं कुणाला आहे?"

नांगर आम्ही तिथल्या तिथं बाद केला. दादा जहाजावर खलाशी होते. ज्यांची उमर नांगर ओढण्यात गेली, त्यांच्या घरात तो शोभेला टांगत नाहीत. बाकी फोटोंत मात्र वाईट काही नव्हतं. मोकळी जागा, सुती कापड, वारा खेळणाऱ्या खिडक्या, हे सगळं आमच्याकडे होतंच. फक्त आम्ही त्याला सजावट म्हणत नव्हतो, गरिबी म्हणत होतो.

खरा पेच स्लॅबचा होता. शेजारच्या घराची स्लॅब पाहिली, तर जागोजागी सिमेंटचे पोपडे सुटून आतल्या गंजलेल्या सळ्या उघड्या पडलेल्या. खारी हवा काँक्रीटमध्ये मुरते, लोखंड गंजून फुगतं आणि वरचं काँक्रीट ढकलून देतं. मंगलोरी कौल फुटलं तर एक बदलता येतं. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ साली त्याचा कारखाना काढला. तेव्हापासून या किनाऱ्याला त्याहून सोयीचं छप्पर सापडलेलं आम्हांला तरी माहीत नाही. भाईला आम्ही थिबा राजवाड्याचीही आठवण दिली. १९१० साली बांधला, तोही जांभ्याचाच. भाई हसला, म्हणाला, "त्या बादशहाला कैदेत ठेवलं होतं!" यावर उत्तर नव्हतं.

शेवटी कौलं राहिली. वासे-रिपांना वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल दिलं. त्याचा वास आठवडाभर जेवणात आल्यासारखा वाटे. भिंतींवरचा ऑइलपेंट खरवडून चुना लावला, कारण जांभा ओल पितो आणि बाहेर टाकतो. वर पेंट असला की ओल आतच राहते, मग फोड येतात. गवंडी कुरकुरला, आजकाल चुना कोण मागतं म्हणून. प्लायवुडचं कपाट फुगलं होतं, ते काढून दादांची जहाजी पेटी पुढे आणली. फणसाच्या लाकडाचा झोपाळा पडवीतच राहिला. पूर्वी पिवळा होता म्हणे, आता पार तपकिरी झालाय. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पावसाळ्यापुरती झापं बांधायची जुनी रीत पुन्हा सुरू केली. काब्याची तसबीर माजघराच्या आतल्या, कोरड्या भिंतीवर नेली. नमाजसमोरची भिंत आता मोकळी आहे. अम्मीला पहिले काही दिवस चुकल्यासारखं झालं, मग म्हणाली, "बरं आहे, मन इकडेतिकडे जात नाही."

भाईची खोली त्याच्या मर्जीची केली. चकचकीत टाइल्स, पीओपी, एसी. तो त्याचा हक्क आहे. खोली वर्षाचे अकरा महिने बंद असते. ऑगस्टमध्ये टाइल्सना घाम फुटतो, अम्मी तिथे पाऊल टाकत नाही.

गावात अशी बंद घरं बरीच आहेत, काही तर तीन मजली. रात्री त्यांच्या गेटवरचे दिवे आपोआप लागतात, आत माणूस नाही. अम्मीनंतर आमच्या घरात कोण राहणार, हे आम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही. आमची बदली कुठे होईल सांगता येत नाही, आणि भाईची मुलं मराठी समजतात पण बोलत नाहीत.

भाची सासरी गेली. मांडव अंगणातच पडला होता, बायका पडवीत बसल्या, म्हातारे झोपाळ्यावरून उठेनात. भाई त्याविषयी काही बोलला नाही. आता मेमध्ये वाशांना पुन्हा तेलाचा हात द्यायचा आहे. त्याचे पैसे त्यानं न मागता पाठवलेत.