पहिली रायफल

माझी मुलगी अकरावीत एनसीसीत गेली. शिबिरात तिला 'पॉइंट टू टू' रायफलने झोपून नेम मारायला मिळाला. कागदावर पाच भोकं, पाचही जवळजवळ. तो कागद तिने अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवला आणि मागणी केली, "अम्मी, मला स्वतःची रायफल पाहिजे."

माझं माहेर साताऱ्याचं, नोकरी सांगलीत. सातारा म्हणजे देशातलं पहिलं सैनिक स्कूल (१९६१) आणि अपशिंगे मिलिटरीसारखी गावं. तिथं बंदुकीचं कुणाला नवल नाही. तरी माझ्या भावाचा फोन आला तो काळजीचाच. "आपा, आपल्या नावाच्या घरात बंदूक? उद्या गावात काही झालं तर पहिलं दार कुणाचं वाजेल?"

भावाची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आपल्यापैकी अनेक घरांत ती न बोलता वावरत असते. पण भीतीला उत्तर द्यायचं तर आधी माहिती हवी. म्हणून मी चौकशीला लागले.

ही रायफल 'रिमफायर' जातीची. हिच्या काडतुसाच्या बुडाला जी कड असते, त्या कडेतच पेट घेणारा मसाला भरलेला असतो. पिन त्या कडेवर आपटते आणि गोळी सुटते. खांद्याला धक्का फार कमी, आवाज बेताचा, काडतूस इतर रायफलींपेक्षा स्वस्त. म्हणून जगभर नेमबाजीचा श्रीगणेशा हिच्यावर होतो. पण ती खेळणं नाही. गोळी सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, पाण्यावर किंवा दगडावर आपटून वाकडी उडते. उसाच्या फडात, विहिरीच्या काठावर सराव करायची ही वस्तू नव्हे.

आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने या रायफलीवर मोठं नाव कमावलं आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक सुवर्णपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून, तिन्ही प्रकारे. या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. पन्नास मीटरवरून ते दिसणंच कठीण, टिपणं तर दूर.

मग घ्यायची कोणती? पाटण तालुक्यात माझे मामू राहतात. रानडुकरांपासून पीक वाचवायला त्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे. प्रत्येक निवडणुकीत ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर पावती दाखवून परत आणायची, हे ते वर्षानुवर्षं करत आलेत. ते म्हणाले, "बेटा, आधी कागद, मग बंदूक. आणि चावी एकाच हातात."

कागद म्हणजे काय, तेही पाहिलं. २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी देतात, पोलीस चौकशीनंतर. शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो, शस्त्र सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. म्हणून बाजारात सरकारी इशापूर कारखान्याची .२२ मिळते, नाहीतर जुन्या काळी आलेल्या ब्रनो, बीएसए, अनशुट्झ अशा परदेशी रायफली, त्याही चढ्या भावाने.

चांगली रायफल नावावरून ओळखू नये. एका जाणत्या प्रशिक्षकाने मला चार गोष्टी सांगितल्या. दस्ता खांद्याला लावला की मान न ताणता डोळा माशीच्या रेषेत यावा. मुलीचा हात आखूड, तिला पुरुषी मापाचा दस्ता चालत नाही. चाप अडखळू नये, दर वेळी एकाच जागी सुटावा. बोल्ट काढून उजेडाकडे धरल्यावर नळीतले पीळ स्वच्छ दिसावेत, नळीचं तोंड खरवडलेलं नसावं. आणि शेवटी रेंजवर टेकवून पाच गोळ्या माराव्यात. पन्नास मीटरवर त्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या तर रायफल घ्यावी, विखुरल्या तर चकाकीला भुलू नये. एकाच नळीला एका कंपनीची काडतुसं मानवतात, दुसरीची नाहीत. म्हणून दोन-तीन प्रकारची मारून बघावीत.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा दुसरा प्रश्न दीनचा होता. त्याचं उत्तर मला सोपं गेलं. प्रेषितांनी (स.) तिरंदाजी शिकण्याला प्रोत्साहन दिलं, हे आपण मुलांना शिकवतोच. पण त्याच हदीस संग्रहांत शिस्तही आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याची टोकं हातात धरावीत, कुणाला इजा होऊ नये. आपल्या भावावर शस्त्र रोखू नये, थट्टेतसुद्धा नाही. जिवंत प्राण्याला नेमाचं लक्ष्य बनवू नये. आजच्या रेंजवर भिंतीला लावलेले नियम वाचले तर यापेक्षा वेगळं काय आहे? छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या-कबुतरं पाडणाऱ्या पोरांना आपण हसून सोडून देतो. ते दीनमध्येही बसत नाही; आणि रानातल्या पाखरांची शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही गुन्हा आहे.

सगळं ऐकून आम्ही ठरवलं. मुलगी सतरा वर्षांची आहे, तेव्हा .२२ आत्ता नाही. आत्ता ४.५ मिलिमीटरची एअर रायफल, २० ज्यूलच्या आतली. तिला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. श्वास, चाप आणि धीर यांचा अभ्यास तिथं पुरेपूर होतो. सराव क्लबात, प्रशिक्षकासमोर. .२२ चालवायची ती क्लबची, त्यांच्या देखरेखीखाली. एकवीस पूर्ण झाल्यावरही आवड टिकली, तर तिने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. पोलीस घरी आले तर चहा ठेवीन आणि कागद पुढे करीन.

भावाला मी तेच सांगितलं. भीती लपवलेल्या वस्तूची असते. ज्या वस्तूची नोंद सरकारदरबारी आहे, चावी घरात आहे आणि सराव चारचौघांत होतो, तिच्याबद्दल विचारणाऱ्याला उत्तर देता येतं. आपल्या नावामुळे आपल्या मुलींनी एक खेळ सोडून द्यायचा, तर उद्या दुसराही सोडावा लागेल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे आपा. पण ती कुलपाची पेटी मीच आणणार, चांगल्या लोखंडाची."

तुमच्या घरात असा हट्ट सुरू झाला, तर दुकानाआधी रेंजवर जा. मुलाला किंवा मुलीला तिथं सहा महिने दुसऱ्याची रायफल चालवू द्या. नळी कायम खाली किंवा लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, सराव संपला की बोल्ट उघडा, ही सवय हातात बसली की नाही ते बघा. ती बसलेली नसेल, तर जगातली सर्वांत चांगली रायफलही त्या घरात येण्यालायक नाही.