रात्री दार वाजले तेव्हा

आमच्या घराचे दार पोलिसांनी रात्री दोनदा वाजवले. पहिल्यांदा जुलै १९९७ मध्ये, दुसऱ्यांदा जानेवारी २०१८ मध्ये. पहिल्या वेळी माझ्या मालकांना नेले, दुसऱ्या वेळी मुलाला. दोघांचा काही दोष नव्हता असे मी बायको आणि आई म्हणून म्हणणारच, म्हणून ते राहू द्या. मला सांगायचे आहे ते आम्ही त्या दोन रात्री कसे वागलो त्याबद्दल. पहिल्या वेळी जे करू नये ते सगळे केले. दुसऱ्या वेळी थोडे शहाणे झालो होतो. मी सातवी शिकलेली, महापालिकेच्या सफाई खात्यात नोकरी केलेली बाई आहे. मला जे समजले ते कोणत्याही माउलीला समजेल.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. रस्त्यावर आलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे गेली. मुंबईतल्या आपल्या सगळ्या वस्त्या दुःखाने आणि रागाने पेटल्या होत्या. आमची वस्ती तिथून लांब, पण आमच्या नाक्यावरही दगडफेक झाली. तिसऱ्या रात्री आमचे हे दुसरी पाळी करून आले, जेवले, आडवे झाले आणि दार वाजले.

धाकटे भाऊजी तापट. त्यांनी हवालदाराचा हात धरला. बाया ओरडू लागल्या. गर्दीतून कोणीतरी जीपवर दगड टाकला. झाले, हे गेलेच आणि भाऊजीही गेले. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून भाऊजींवर वेगळा गुन्हा लागला आणि तो खटला नऊ वर्षे चालला. हात धरल्याने भावाची सुटका तर झाली नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन तीन ठाणी फिरले. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, "इथे नाही आणला." तिसऱ्या दिवशी ते कोर्टात दिसले. कागदावर अटक आदल्या संध्याकाळची दाखवली होती. मग त्याच्या आधीची रात्र आणि दिवस हे होते कुठे? आम्हाला माहीत होते की रात्री एकच्या सुमाराला घरातून नेले. पण दाखवायला आमच्याकडे काय होते? कोणी वेळ टिपली नव्हती, साहेबांचे नाव विचारले नव्हते. तेव्हा जाणती माणसे पोलीस आयुक्तांना तार करत, म्हणजे तारखेचा पुरावा राही. आम्हाला तेही सुचले नाही.

कोर्टात साहेबांनी विचारले, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मागे तोच हवालदार उभा होता. हे म्हणाले, "नाही साहेब." खरे म्हणजे पहिल्याच रात्री कानाखाली अशी बसली होती की डाव्या कानातून पाणी येत होते. तो कान कायमचा गेला. त्यांनी चार कागदांवर न वाचता सह्याही केल्या होत्या. अकरा दिवसांनी जामिनावर घरी आले. आजही मी त्यांच्याशी बोलताना उजव्या बाजूला बसते.

पुढे वर्षभराने आमच्या विहारात दर रविवारी एक वकील येऊ लागले. आपल्याच वस्तीतले, रात्रीच्या कॉलेजात शिकलेले. त्यांना मी हे सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ताई, ज्या निकालाने तुमचे रक्षण झाले असते, तो तेव्हा सात महिन्यांपूर्वीच लागला होता." १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या पोलिसांना अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी असावी, अटकेचा कागद जागच्या जागी करावा, त्यावर वेळ आणि तारीख असावी, घरच्या किंवा वस्तीतल्या एका माणसाची साक्ष असावी, नातेवाइकाला कळवावे, अंगावर जखम असेल तर ती नोंदवावी, दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी व्हावी. सात महिने हे नियम देशात होते आणि आमच्या चाळीत कोणाला ठाऊक नव्हते.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. राज्यघटनेचे २२ वे कलम पहिल्या मसुद्यात नव्हते. ते बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत मांडले. अटकेचे कारण सांगा, आवडीच्या वकिलाला भेटू द्या आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा, हे त्यातले मुख्य. मला वाटले, बाबासाहेबांनी आमच्यासाठी दाराला कडी लावून दिली होती आणि आम्ही ती घालायलाच विसरलो.

वकीलभाऊंचे एक वाक्य मी पाठ केले. "दारात भांडण जिंकायचे नसते. भांडण कोर्टात असते. दारात फक्त पुरावा जमा करायचा."

मग २०१८ आले. १ जानेवारीला भीमा कोरेगावला हल्ला झाला, ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. त्यानंतर वस्तीत रात्रीची धरपकड सुरू झाली. १९९७ ला कडेवर होता तो माझा मुलगा आता कुरिअरच्या कामावर जात होता. दार वाजले. मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिले, ११.३५. मग दार उघडले.

"साहेब, आपले नाव काय? कोणत्या ठाण्यातून आलात? याला अटक करताय की चौकशीला नेताय?"

"बाई, लय कायदा शिकलीस का?"

"सातवी झालीय साहेब. मुलाचे चप्पल घेऊ द्या, येतोय तो."

मुलाला मी पोलिसांसमोरच सांगितले, "हात वर करू नको, पळू नको, उलट बोलू नको. नाव-पत्ता खरा सांग. बाकी म्हण, वकील आल्यावर बोलतो." ह्यांना मी घरात बसवले, दरवाजाबाहेर येऊ दिले नाही. शेजारच्या ताईंनी वस्तीतली पोरे मागे हटवली. आम्ही दोघीच रिक्षाने पाठोपाठ ठाण्यात गेलो. पन्नास माणसे गेली असती तर त्यातल्या दहांवर गुन्हा लागला असता.

रात्री दीडला अटकेचा कागद पुढे आला. त्यावर वेळ सकाळी सहाची. मी म्हटले, "साहेब, वेळ बरोबर लिहा." ते म्हणाले, "सही करायची तर कर." मी सही केली आणि खाली माझ्या हाताने लिहिले, 'मुलाला रात्री ११.३५ ला राहत्या घरातून आणले.' ते रागावले, पण शाईचे अक्षर काही पुसले गेले नाही. घरी येऊन आम्ही वकीलभाऊंना फोन केला आणि शेजारणीच्या मुलाने पोलीस आयुक्तालयाला ईमेल पाठवला. तार तर २०१३ सालीच बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मुलगा कोर्टात उभा राहिला. साहेबांनी तोच प्रश्न विचारला, "काही तक्रार?" मुलगा म्हणाला, "एक थप्पड मारली. नाव माहीत नाही, पाहिले तर ओळखेन." साहेबांनी ते लिहून घेतले आणि डॉक्टरी तपासणी लावली. पोलीस कोठडी मिळाली नाही, न्यायालयीन कोठडी झाली, चौथ्या दिवशी जामीन झाला. खटला पुढे बरीच वर्षे रेंगाळला, पण मुलगा कामावर जाऊन तारखा करत होता. त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत.

भगिनींनो, आता कायद्याची पुस्तके बदलली आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण आपले मुख्य हक्क राहिले आहेत. ते घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही. अटकेची गरज का, हे त्यांनी लिहून ठेवायचे, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कडक शब्दांत बजावले. पण नोटीस आली तर ती फाडून टाकू नका. वकिलाला दाखवा आणि ठरल्या दिवशी जा. नोटीस टाळली की अटकेला कारण मिळते.

साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला आणि ६० वर्षांवरच्या पुरुषाला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचे. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करायची नाही. तशीच निकड असेल तर महिला अधिकाऱ्याने आधी मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी घ्यायची. मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांखालची असेल तर तिला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. त्यासाठी शाळेचा दाखला ताबडतोब घेऊन जा. पोर उंच दिसले की कागदावर एकोणीस वय पडायला वेळ लागत नाही.

अटकेचे कारण आता लेखी मिळाले पाहिजे, आणि तेही आपल्याला समजणाऱ्या भाषेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे सर्व गुन्ह्यांसाठी लागू केले. जागेवर लिहून देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावे, पण कोर्टात नेण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तो मागा, मराठीत मागा.

ज्याला नेले त्याने नाव-पत्ता लपवू नये. मात्र स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, हा घटनेच्या २० व्या कलमाचा हक्क आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही. तपासात घेतलेल्या जबाबावर सही लागतही नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नये. अटकेच्या कागदावर सही करावी, पण वाचून, आणि वेळ चुकीची असेल तर खाली खरी वेळ लिहून. झडतीत पैसे, घड्याळ, मोबाइल घेतला तर पावती मागावी. चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटता येते. डॉक्टरांनी तपासले तर दुखते ते सगळे सांगावे. त्या अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही बाईला आणि कोठडीतल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. बौद्ध असल्यामुळे आपली ही सवलत जात नाही, १९९० मध्ये ती दुरुस्ती झालेली आहे. तालुका आणि जिल्हा कोर्टात विधी सेवा कार्यालय असते. फोन १५१०० लावायचा.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. हे सगळे पाठ असले म्हणजे माणूस वाचतोच असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण सापडला. तो कायदाच शिकत होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याची आई उच्च न्यायालयात गेली आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. मी त्या माउलीचा विचार करते तेव्हा माझा घास अडतो. आत गेलेल्या माणसाला त्याचे हक्क सांगण्याची ताकद बहुतेक वेळा नसते. म्हणून बाहेरच्यांनी झोपायचे नाही. दर काही तासांनी ठाण्यात जाऊन विचारायचे, डबा न्यायचा, वकील पाठवायचा, कोर्टाच्या दारात उभे राहायचे. कोणीतरी मोजते आहे हे आतल्यांना दिसले पाहिजे.

माझ्या घरी नवीन वर्षाचे कॅलेंडर लागले की मी मागच्या बाजूला वकिलाचा फोन, १५१००, आणि घरातल्या सगळ्यांच्या औषधांची नावे लिहिते. खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असते. नातू विचारतो, "आजी, ही पेन्सिल कशाला?" मी त्याला सांगते, दुधाचा हिशोब लिहायला. अजून तो लहान आहे. दहावीला गेला की खरे सांगेन.