ॲन आर्बरची मागची फळी

ॲन आर्बरमधलं मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम बाहेरून बुटकंच दिसतं. बरंचसं बांधकाम जमिनीच्या पातळीखाली आहे. फाटकातून आत शिरलं, की पायाशी खोल उतरत गेलेल्या रांगा दिसतात. आसनं १,०७,६०१. आणि शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास!

मी २०१४ मध्ये इकडे आलो, तेव्हा संघाने बारापैकी सात सामने गमावले होते. तरी शनिवारी स्टेडियम भरायचं. अमेरिकन फुटबॉलचं वेड मला तिथेच लागलं. पण एक दुखणं दरवर्षी दिसायचं. मुख्य खेळाडू जायबंदी झाला, की त्याच्या जागी तयार माणूसच नसे. २०१७ मध्ये चेंडू फेकणारे दोन क्वार्टरबॅक एकामागून एक जखमी झाले आणि हंगाम ८-५ वर संपला.

१९ नोव्हेंबर २०२२ ला बेळगावहून आलेल्या आईला इलिनॉयविरुद्धचा सामना दाखवायला नेलं. थंडी कडाक्याची. कानटोपी आणि दोन स्वेटर घालून बसलेली आई मैदानाच्या कडेला बघत म्हणाली, "एवढी पोरं नुसती उभी कशाला रे?"

मैदानात एका वेळी अकराच. पण चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे वेगळे, आणि प्रत्येकाच्या मागे बदली खेळाडू. त्या वेळी एका संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता येत. बाकीची मुलं वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय आलेली. मी हे समजावत होतो, तेवढ्यात ब्लेक कोरम हा मुख्य धावपटू गुडघ्याला लागून पडला. दुसरा, डोनोव्हन एडवर्ड्स, हाताच्या दुखापतीमुळे आधीच बाहेर. माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा २०१७!

शेवटच्या मिनिटांत संघ मागे होता. चौथ्या, म्हणजे अखेरच्या प्रयत्नात चेंडू आला आयझाया गॅशकडे. तो वॉक-ऑन. त्याने तो धरला, चढाई जिवंत राहिली आणि नऊ सेकंद उरले असताना जेक मूडीच्या किकवर आम्ही १९-१७ ने जिंकलो. आई म्हणाली, "उभा होता तो कामाला आला की!"

पुढच्या शनिवारी कोलंबसमध्ये एडवर्ड्स हाताला प्लास्टर असताना ७५ आणि ८५ यार्डांच्या दोन धावा काढून गेला. ओहायो स्टेटवर ४५-२३. पुढच्या वर्षी त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध झॅक झिंटरचा पाय मोडला. बदली फळी उभी राहिली आणि लगेच पुढच्याच डावात कोरम २२ यार्ड धावत थेट टचडाउनला पोचला. तो हंगाम १५-० ने संपला, राष्ट्रीय विजेतेपदासह.

ही खोली विकत आणलेली नाही. वर्षानुवर्षं व्यायामशाळेत घाम गाळून, आपली पाळी येईल न येईल हे माहीत नसताना थांबलेल्या मुलांनी ती तयार केली. २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाता येतं. म्हणजे थांबणं आणखीच अवघड. विजेत्या संघातले १३ जण २०२४ मध्ये व्यावसायिक संघांनी निवडले. ती फळी रिकामी झाली, आणि पुढचा हंगाम पुन्हा ८-५.

म्हणून आता मी सामना सुरू होण्याआधी कडेला उभी असलेली पोरं बघतो. आईही फोनवर निकाल नंतर विचारते. आधी विचारते, "यंदा कोण कोण उभं आहे?"