फियाटचं पुढचं सस्पेन्शन

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून निघू लागलेली फियाट ११०० डी पुढे पद्मिनी झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. आता उरल्यात त्या हौसेनं सांभाळलेल्या गाड्या, आणि जालन्यात अशी गाडी ठेवणाऱ्यासमोर प्रश्न येतोच: पुढचं सस्पेन्शन खिळखिळं झालं, तर मूळचंच नव्यानं बांधायचं की बाजारातलं तयार किट चढवायचं? माझं मत स्पष्ट आहे, मूळचंच बांधावं.

कारण आजार बहुधा स्प्रिंगमध्ये नसतो, सांध्यांमध्ये असतो. पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खडखडलं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर बेअरिंग ढिलं. नाही थांबली तर किंगपिन किंवा विशबोनचे बुश गेले. वेळच्या वेळी ग्रीस न मिळाल्यानं हे सांधे झिजतात, आणि आपल्याकडचे रस्तेही त्यांना सुखानं जगू देत नाहीत: खालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचं डांबर लाटांसारखं होतं. झिजलेल्या बुशांवर कडक स्प्रिंगचं किट बसवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुसऱ्या गाडीचे स्ट्रट बसवले तर प्रश्न वाढतो. फियाटला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. स्ट्रटचं वरचं टोक चाकावरच्या ज्या पत्र्याला धरतं, तो पत्रा त्या भारासाठी बनवलेलाच नाही. शिवाय टाय रॉडचा आणि नव्या आर्मचा मेळ जमला नाही, तर प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळू पाहतं.

यावर म्हटलं जातं की मूळचे पार्ट मिळत नाहीत. शोधावे लागतात, हे खरं. पण किंगपिनचे सेट अजून विकले जातात आणि साधा बुश चांगला लेथवाला मापानं कातून देतो. मात्र जालना पोलादाचं शहर आहे म्हणून कुठलंही पोलाद चालेल असं समजू नये. सळईच्या पोलादाची स्प्रिंग होत नाही, तिला वेगळं पोलाद आणि नीट दिलेलं पाणी लागतं. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. पण समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरनं धावायचं असेल, तर या गाडीला कुठलंही किट पुरणार नाही. त्यासाठी नवी गाडी घ्यावी. फियाट तिच्या वेगानं चालवली, तर घट्ट सांधे, नवे शॉकअप आणि अचूक अलाइनमेंट पुरेसं आहे.

कायद्याचंही ऐकावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात असावी लागते. सुरुवातीच्या फियाट या वयाच्या झाल्या आहेत. म्हणून किटसाठी पैसे मोजण्याआधी एकदा चाक जॅकवर घ्या, नेमकं काय झिजलं ते पाहा आणि तेवढंच बदला.