आवक, विसर्ग आणि मधला साठा

पावसाळ्यात शहागडात 'पैठणहून पाणी सोडलं' हे वाक्य चहाच्या टपरीपासून शाळेच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू येतं. मागोमाग क्युसेकचे आकडे येतात. इथल्या सातवीतल्या मुलांना ते तोंडपाठ असतात. पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, आणि लाख क्युसेकनं सोडलं तरी एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी धरणातून जायला जवळपास पावणेतीन तास लागतात, याचा अंदाज मोठ्यांनाही नसतो. हा अंदाज मुलांच्या हाताला यावा, म्हणून मी ब्राउझरमध्ये चालणारा खेळ लिहायला घेतला.

कालवे, बाष्पीभवन, गाळ हे सगळं मुद्दाम बाहेर ठेवलं. पडद्यावर पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय नाथसागर, वरून येणारी आवक आणि खाली गोदावरीवरचा शहागडचा पूल. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. खेळात एकच, बोटानं वर-खाली होणारा.

गाभा एका ओळीत मावतो: नवा साठा म्हणजे जुना साठा, अधिक (आवक वजा विसर्ग) गुणिले गेलेला वेळ. तो शेवटचा गुणाकार फार मोलाचा. नव्या फोनवर चित्र सेकंदाला साठ वेळा काढलं जातं, जुन्यावर त्याहून कितीतरी कमी. वेळेनं गुणलं नाही, तर ज्याच्या घरी जुना फोन त्याचं धरण हळू भरतं. हे मला चालणार नव्हतं. विसर्गाचे आकडे मी एका रांगेत ठेवले. दरवाजापाशी रांगेत शिरलेला आकडा बऱ्याच वेळानं पुलाखाली बाहेर पडतो. पूर डोळ्यांना दिसेपर्यंत त्याच्यामागचं पाणी वाटेत असतंच.

खरी गंमत आवक उतरू लागते तेव्हा. मुलं हमखास दरवाजा खाली घेतात. आवक घटली, म्हणजे धरणही उतरणार, असं त्यांना वाटतं. एमआयटीच्या विद्यार्थ्यांचीही अशीच गफलत होते, हे लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टर्मन यांनी २००० साली टबातल्या पाण्याचे आलेख देऊन दाखवलं होतं. आवक विसर्गापेक्षा जास्त आहे तोवर पाणी चढतच राहतं. आवक घसरतेय आणि साठा चढतोय, ते काही क्षण म्हणजे माझा सगळा खेळ. तिथं मी ना सूचना टाकली, ना घंटा वाजवली. एक शिक्षक म्हणाले, "सर, तिथं चार पर्यायांचा एक प्रश्न टाका की." मी टाकला नाही. पर्याय समोर आले की मूल पाण्याकडं बघणं सोडून उत्तर हुडकू लागतं.

गुणही ठेवले नाहीत. शेवटी फक्त आलेख उमटतो: आवकेची रेघ, विसर्गाची रेघ आणि खाली साठा. एका मुलीनं तो बघून विचारलं, "या दोन रेघा एकमेकींना कापतात तिथंच धरण सगळ्यात जास्त कसं काय भरलंय?" बारावीत हेच कलन म्हणून समोर येतं. तिच्या प्रश्नामुळं आता मी त्या दोन रेघांमधला, त्या एकमेकींना कापतात तिथवरचा भाग निळ्या रंगानं भरतोय. तेवढं क्षेत्रफळ म्हणजे धरणात नव्यानं साठलेलं पाणी.